आपल्या बाजूने कोण बोलणार

काशिनाथ रुसले होते. रुसायचं एक वय असतं म्हटलं, तर ते वय त्यांनी केव्हाच ओलांडलं होतं. पण रुसवा असा साग्रसंगीत, की मुलाकडच्या वऱ्हाडातल्या एखाद्या मुरलेल्या मामालाही जमू नये. जेवण खोलीत, चहा खोलीत, आणि सुनेशी, जुईशी, बोलणं बंद. काही हवं असलं की नातीला हाक मारायची. मग ऋग्वेदा स्वयंपाकघरात यायची आणि आजोबा विचारतायत लोणचं संपलं का, म्हणून सांगायची. जुई म्हणायची, सांग त्यांना, बरणी समोरच आहे. ऋग्वेदा इथे न्यूझीलंडात, लोअर हटमध्येच जन्मलेली. निरोप मराठीत घ्यायची आणि इंग्रजीत पोचवायची. त्या भाषांतरात दोन्हीकडचे काटे गळून पडायचे. या घरावर त्या पोरीचे एवढे उपकार होते.

रुसव्याचं कारण होतं ऑक्टोबरातल्या लेबर वीकेंडच्या तीन दिवसांच्या सुटीतली ट्रिप. जुईने ती मनात धरूनही बरेच दिवस झाले होते. वांगानुई नदीची घळ, दोन्ही बाजूंना शेवाळलेले सरळसोट कडे, आणि मधून आपली कयाक, म्हणजे वल्ह्याची चिंचोळी होडी. तीन दिवस वल्हवायचं, वाटेत उतरून जंगलातून चालत त्या जुन्या पुलापर्यंत जायचं ज्याला दोन्ही टोकांना रस्ताच नाही, आणि दुसरी रात्र नदीकाठच्या एका मराएवर. मराए म्हणजे माओरी लोकांचं सगळ्या कुळाचं मिळून असलेलं घर आणि अंगण. हॉटेल नव्हे, तिथे पाहुणा म्हणून जावं लागतं. जुई शहराच्या कौन्सिलमध्ये पाण्याच्या पाइपांची डिझाइनं करायची. वर्षभर दुसऱ्यांचं पाणी वाहतं ठेवणाऱ्या बाईला स्वतःसाठी एक नदी हवी होती, यात काही वावगं नव्हतं.

सासऱ्यांना तिने सरळ सांगितलं होतं की कयाकमध्ये दोनच जागा असतात, ऋग्वेदा मैत्रिणीकडे राहील, तेव्हा तुम्ही टौरंग्याला शशिकांतकाकांकडे राहा. शशिकांत हा काशिनाथांचा मावसभाऊ. घरामागे किवीफ्रूटची बाग, आणि तोंडाला विश्रांती नाही. हे दोघे भेटले की एकाच वेळी बोलत आणि कोणीच कोणाचं ऐकत नसे. आपण समुद्र ओलांडून आलो ते पार्सलसारखं इकडून तिकडे पाठवून घ्यायला नाही, असं काशिनाथांनी ऐकवलं, खोलीत गेले आणि रुसले.

खरं सांगायचं तर कयाकचं निमित्त होतं. त्या मराएपर्यंत जेट बोट जाते, हे जुईला चांगलं ठाऊक होतं. ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं. तिला हा माणूस बरोबर नको होता, बस. तो तिला आवडत नव्हता. लग्नाच्या आदल्या संध्याकाळपासूनच आवडत नव्हता.

जुईचे वडील जगदीश, म्हणजे तिचे अप्पा, बोलताना अडायचे. जीभ एकेका शब्दापाशी येऊन उभी राहायची. एरवी ते कमीच बोलत. पण सीमांतपूजनाला व्याह्यांचं स्वागत आपणच करायचं, असं त्यांनी ठरवलं. चारच वाक्यं. महिनाभर दाढी करताना आरशासमोर त्यांनी ती घोटली, आणि दाराबाहेर उभी राहून जुईने त्यांना साथ दिली. त्या संध्याकाळी हॉलवाल्याने माइक दिला, अप्पा उभे राहिले, पहिलं वाक्य पार पडलं आणि दुसऱ्यावर अडले. हॉल गप्प झाला. तेव्हा मुलाचे वडील उठले. टेलिफोन खात्यातले युनियनचे सेक्रेटरी, माइक म्हणजे त्यांच्या घरचाच. त्यांनी अप्पांच्या हातून तो काढून घेतला, व्याही जरा भावुक झालेत, मी बोलतो, असं म्हणाले आणि असं बोलले की लोक हसले, डोळे पुसले, टाळ्या पडल्या. अप्पा खाली बसले. दोन वर्षांपूर्वी ते गेले. ती तीन वाक्यं त्यांच्या पोटातच राहिली.

तर ऑगस्टातल्या त्या रविवारी दुपारी मकरंद आणि त्याची बायको विभावरी ट्रिप पक्की करायला आले. बाहेर हिवाळ्यातला पाऊस, आत खोली गरम ठेवणारा हीट पंप. ऋग्वेदा मैत्रिणीकडे गेलेली, त्यामुळे निरोप्या घरात नव्हता. जुईचा नवरा सागर आणि मकरंद इथे एकत्र शिकलेले, म्हणून ही मैत्री. मकरंदने पाण्यात भिजणार नाहीत अशा पिशव्या आधीच घेऊन ठेवल्या होत्या आणि प्रत्येक गोष्टीला तो इथल्या पोरांसारखं "स्वीट ॲज", म्हणजे झकास, म्हणत होता. विभावरीला ऑक्टोबरच्या गारठ्यात टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालून पाण्यात कोण उतरणार याची चिंता होती, आणि कुकर कोणाच्या कयाकमध्ये जाणार याचीही. कुकर येणार नाही, असं जुईने सांगितल्यावर ती थोडा वेळ ट्रिपमधूनच गळाल्यासारखी दिसली.

मग जुईने मराएचा विषय काढला. तिने तिथल्या आरोहा नावाच्या बाईंना फोन केला होता. बाई कामाचं तेवढंच बोलणाऱ्या होत्या. त्यांनी सांगितलं ते असं: फाटकाबाहेर थांबायचं. आमच्या बायका हाक घालतील, मग आत यायचं आणि समोरासमोर बसायचं. आमच्या बाजूने एक माणूस बोलेल, मग तुमच्या बाजूने एकाने उभं राहून बोलायचं. तुमच्याच भाषेत बोला. तुमचा डोंगर कोणता, नदी कोणती, तुम्ही कोण, एवढं सांगा. त्याचं बोलून झालं की तुम्ही सगळ्यांनी त्याच्या पाठीशी उभं राहून गाणं म्हणायचं. गाणं झालं नाही तर तो माणूस तिथे एकटाच उभा राहतो. बाईने बोललं तर चालेल का, हे जुईने विचारून पाहिलं होतं. दुसरीकडे काहीही असेल, आमच्या अंगणात पुरुष बोलतो, असं उत्तर आलं. दुसऱ्याच्या अंगणाची रीत म्हणून जुईने ते गिळलं होतं.

आता बोलणार कोण? मकरंदने हात वर केले. सॉफ्टवेअरचा डेमो कितीही द्यायला सांग, भाषण नाही, म्हणाला. सागरने गालिच्यावरचा एक धागा उपटायला घेतला. चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की सागरचं असंच व्हायचं. विभावरीचा चेहरा एकदम उजळला. ती म्हणाली, अगं, घरातच काका आहेत की!

खोलीचं दार उघडलं. दार मुळात लावलेलंच नव्हतं. काशिनाथ बाहेर आले ते स्वेटर घालून, केस नीट विंचरून. म्हणजे ऐकत बराच वेळ असणार.

"म्हणजे आपलं सीमांतपूजनच की," ते म्हणाले.

आणि खुर्ची ओढून त्यांनी सगळ्यांना समजावलं. वेशीवर थांबायचं, बोलावल्याखेरीज पाऊल टाकायचं नाही. आलेला माणूस कोण, कुठला, कशासाठी आला, हे त्याच्या वडीलधाऱ्याने सांगायचं. त्याशिवाय तो पाहुणा होत नाही, नुसताच आलेला असतो. जुईने महिनाभर वाचून जे समजून घेतलं होतं, ते त्यांनी आपल्या खोलीतून या खोलीपर्यंत येता येता ओळखलं होतं, आणि बरोबर ओळखलं होतं. त्यातच तर सगळी चीड होती. विभावरी मान डोलावत होती. तेवढ्यात मकरंदने फोनवर जेट बोट शोधून काढली आणि काका थेट मराएपर्यंत येऊ शकतात, असं जाहीर केलं. काशिनाथांनी भाषणाची सुरुवात कशी करावी यावर बोलायला घेतलं. घसा साफ झाला. रुसवा कुठल्या कुठे पळाला.

"नको," जुई म्हणाली. "बाबा बोलणार नाहीत."

जुईने फोनवरची उरलेली गोष्ट सांगितली. पाहुण्यांकडे बोलणारं कोणी नसेल तर मराएवरचाच एक माणूस त्यांच्या बाजूला येऊन बसतो आणि त्यांच्या वतीने बोलतो. पुष्कळ लोक तसंच करतात. आपणही तसंच करायचं.

काशिनाथांनी मान वळवली ती मुलाकडे. "सागर, तुझ्या बायकोला विचार. या घराच्या वतीने परका माणूस बोलणार का?"

"मी इथेच आहे," जुई म्हणाली. "मलाच विचारा."

"बरं. तुलाच विचारतो. परका चालेल, मी चालणार नाही?"

"परका चालेल."

"का?"

"त्याने माझ्या अप्पांच्या हातातून माइक काढून घेतलेला नाही."

मकरंदने एक न भिजणारी पिशवी उलटी करून तिची शिवण तपासायला सुरुवात केली. सागर म्हणाला, जुई, आत्ता कशाला ते, पण ते वाक्यही त्याने अर्ध्यावरच टाकलं. काशिनाथांना काही आठवणारही नाही, अशी जुईची खात्री होती. इतकी वर्षं तिने त्यावरच राग पोसला होता. माणसाला एवढं मोठं काही करून विसरता येतं, या गोष्टीवर. पण त्यांना आठवत होतं. कोणता माइक, असं त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

"अडले होते ते," काशिनाथ म्हणाले. "अख्खा हॉल बघत होता. घामाने सदरा भिजला होता त्यांचा. कोणीतरी उठायलाच हवं होतं."

"नव्हतं."

"मग काय करायचं होतं?"

"थांबायचं होतं."

"किती?"

"लागेल तितकं."

"बोलायला सोपं आहे," काशिनाथ म्हणाले.

आता जुईला थांबवणं कोणाच्या बापाला शक्य नव्हतं. ती बोलत सुटली. अप्पांचं झालंच, पण या घरातही कोणाला वाक्य पुरं करू देत नाहीत. सागर लहानपणापासून तोंड उघडतो आणि उरलेलं हे बोलतात, म्हणून आज एवढा मोठा झालेला माणूस मीटिंगमध्ये घाम पुसत बसतो. ऑफिसात त्याच्या मागून आलेली पोरं पुढे गेली. त्याची जीभ अडत नाही, अडवलेली आहे. हे सगळं ती सागरच्या समोर, सागरविषयी, त्याला न विचारता बोलत होती, पण त्या क्षणी ते तिच्या ध्यानात येण्यातलं नव्हतं.

शेवटी तिने फैसला दिला. सागर बोलेल. त्याच्याच वाक्यांत, त्याला लागेल तेवढा वेळ घेऊन. बाबांना यायचं असेल तर येऊ देत, जेट बोटने येऊ देत, पण त्यांनी मागे बसायचं. तो कितीही अडला तरी उठायचं नाही, शब्द पुरवायचा नाही, खाकरायचंसुद्धा नाही. हे जमत असेल तर त्यांचं नाव घालते, नाहीतर टौरंगा आहेच.

सागर म्हणाला, मी कशाला, मला कोणी विचारलंय का? कोणी विचारलं नव्हतं हे खरंच होतं.

"घे तालीम आत्ताच," काशिनाथ म्हणाले. "बघू कोणाला काय जमतं ते."

टीपॉय भिंतीला सारला गेला. मकरंद आणि विभावरी सोफ्यावर यजमान होऊन बसले. मकरंदने फारच गंभीरपणे किया ओरा, म्हणजे माओरीतला नमस्कार, म्हटला आणि विभावरीने त्याला कोपर मारलं. काशिनाथ मागच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले, मास्तरांनी बसवलेल्या पोरासारखे. जुई त्यांच्यापासून होईल तेवढी लांब, दाराशी उभी राहिली. सागर मधोमध. हात जीन्सच्या खिशात, मग बाहेर, मग पुन्हा खिशात.

"नमस्कार. आम्ही लोअर हटहून आलो. मूळचे पुण्याचे." श्वास. "आमचा डोंगर..." इथे बराच वेळ गेला. काशिनाथांचा जबडा हलला, पण ओठ मिटलेलेच राहिले. "सिंहगड," सागर म्हणाला. जुईने विजयाने सासऱ्यांकडे पाहिलं. ते गालिच्याकडे पाहत होते.

"आमची नदी," सागर म्हणाला आणि थांबला.

पाऊस खिडकीवर येत राहिला. मकरंदने यजमानाचा चेहरा आधी धरून ठेवला, मग खाली घातला. सागरचे कान लाल झाले. त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. त्याचा खालचा ओठ थरथरायला लागला, आणि जुईला अप्पा दिसले, त्यांचा ओठ अगदी असाच थरथरला होता. आता म्हातारा उठेल, तिला वाटलं. उठावंच त्याने. उठला की सगळं सिद्ध होईल. काशिनाथ उठले नाहीत. त्यांची मान आणखी खाली गेली. विभावरी ओढणीचं टोक पिळत होती. सागरच्या कपाळावरून एक थेंब ओघळून भुवईपाशी आला. सगळे बघत होते आणि कोणीच काही करत नव्हतं.

"मुठा," कोणीतरी म्हणालं.

ते आपणच बोललो, हे जुईला सगळ्यांच्या माना आपल्याकडे वळल्या तेव्हा कळलं.

सागरने खिशातून हात काढले. त्याच्या चेहऱ्यावरची थरथर पार गेली होती.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "माझ्या नदीचं नाव मला माहीत होतं, जुई."

ती म्हणायला गेली की अरे, मी फक्त मदत... आणि तो शब्द तिच्याच तोंडात तिला नकोसा झाला.

"तुम्ही दोघंही बाहेर जा," सागर म्हणाला. आवाज चढला नव्हता. "ट्रिपला दोघंही या. बोलणार मीच. तिथे तुम्ही दोघं शेजारी शेजारी बसायचं, सगळ्यांच्या मागे. आत्ता मला पुन्हा पहिल्यापासून म्हणायचंय. तुम्ही बाहेर थांबा."

एवढी सलग वाक्यं त्याने या घरात याआधी कधी बोलली होती, ते कोणालाच आठवलं नसतं. काशिनाथ उठले. जुईने सरकतं दार उघडलं आणि दोघं मागच्या लाकडी डेकवर गेली. दार मागून कोणीतरी ओढून घेतलं.

बाहेर गारठा मी म्हणत होता. छप्पर डेकच्या अर्ध्यापर्यंतच, त्यामुळे दोघांना नाइलाजाने अगदी शेजारी उभं राहावं लागलं. जुईच्या पायात जँडल्स म्हणजे रबरी चपला, काशिनाथांच्या पायात नुसते मोजे. ते ओले होत होते. आत जाऊन बूट आणून द्यावेत असं तिला वाटलं नाही. काचेपलीकडे सागर पुन्हा मधोमध उभा राहिला होता. आवाज येत नव्हता, ओठ तेवढे दिसत होते. नमस्कार झाला, लोअर हट झालं, पुणे झालं.

"तू थांबलीस त्याहून मी त्या हॉलमध्ये जास्तच थांबलो होतो," काशिनाथ म्हणाले.

जिंकल्याचा सूर नव्हता. असता तर बरं झालं असतं, तिला काहीतरी उलट बोलता आलं असतं. त्यांना कठड्यावरून खालच्या चिखलात ढकलून द्यावं, इतका तिला त्यांचा राग आला. राग पूर्वीएवढाच होता, फक्त आता तो एकट्या त्यांच्यावरच ठेवता येईना.

तिने विचारलं, "अप्पा तुम्हाला नंतर कधी काही म्हणाले?"

"नाही."

"काहीच नाही?"

"माझ्याशी ते पुन्हा कधी बोललेच नाहीत," काशिनाथ म्हणाले. "लग्न झालं, बारसं झालं, दोन दिवाळ्या झाल्या. भेटले की मानेने नमस्कार करायचे. मला वाटायचं, स्वभाव असेल. मग नंतर तसं वाटेना." ते काचेकडे पाहत होते. "तू घरात आलीस तेव्हा तुझाही नमस्कार तसाच होता."

आत सागरचा सिंहगड पार पडला होता. मग तो तिथेच, त्याच जागी अडला. काचेतून दिसत होतं. खांदे वर गेले, तोंड उघडं राहिलं. विभावरी सोफ्यावर पुढे सरकली. मकरंदने तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला मागे घेतलं.

जुईने सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते. मुठा, मुठा, बिनआवाजाचं. आणि त्यांचा हात, बहुधा त्यांना न कळता, दाराच्या मुठीकडे गेला.

तिने त्यांचं मनगट धरलं. करकचून धरलं. म्हाताऱ्या हाडाला लागलं असणार, पण त्यांनी हात सोडवला नाही. तिचा दुसरा हातही दार सरकवायला चौकटीपर्यंत पोचला होता, हे त्यांनी पाहिलं. त्यांनी आपला मोकळा हात तिच्या त्या हातावर ठेवला आणि दाबून धरला.

अशी ती दोघं एकमेकांना अडवून पावसात उभी राहिली. आत सागर अजून नदीपाशीच होता.